दोन पावलं पुढे

१

नागभीडच्या स्टेशन रोडवर धनराजचा फोटो स्टुडिओ होता आणि थोडं पुढे गेलं की खुशालचा. दोघं एका शाळेतले, एकाच बाकावरचे, फोटोचा धंदाही एकाच माणसाच्या हाताखाली शिकलेले. धनराजला खुशालचा हेवा वाटतो हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. ते कोणाला ठाऊक नाही असं फक्त धनराजला वाटायचं.

तसं पाहिलं तर यंत्रं धनराजकडेच मोठी होती. त्याची झूम लेन्स हातभर लांब. मांडवाच्या या टोकाला उभा राहून तो त्या टोकाच्या नवरीच्या कानातला मणी टिपायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. सुट्टीच्या दिवशी तीच लेन्स घेऊन जंगलाच्या कडेला जायचा, वाघ दिसला नाही तर निदान खंड्या पक्षी तरी घेऊन यायचा. खुशालकडे काय होतं? तळहातात मावेल असा मिररलेस कॅमेरा आणि त्याच्या तोंडाला पेढ्याएवढी एक लेन्स. तिला झूमसुद्धा नव्हतं. तरी लग्नघरातल्या बाया म्हणायच्या, "खुशालभाऊलेच बोलवा. त्याच्या फोटोत पोरी जित्या वाटते."

"मंग माह्या फोटोत का मेल्या वाटते?" धनराजनं एकदा हसत हसत विचारलं होतं.

कोणी हसलं नाही. एक म्हातारी विचार करून म्हणाली, "मेल्या नाई गा. दूर वाटते."

हे वाक्य त्याला काट्यासारखं रुतून बसलं. खुशालला तो म्हणाला, तुझ्या खेळण्यात असं काय आहे रे? खुशाल मनानं मोकळा माणूस. त्यानं सरळ सांगून टाकलं. "अबे, या लेन्सले झूम नाई, म्हनून मले चालत जा लागते. तू जागेवर उभा राहून मानसाले जवळ ओढते. मी आपला जातो. दोन पावलं पुढे गेलं का मानूस आपसूकच हासते."

आणि मग नेहमीचं चिडवणं. "आनि तुही चौकट तं सरळ कर पयले. तुह्या फोटोत तलावाचं पानी डाव्या हातानं सांडते."

हेही खरं होतं. मागे एकदा मोटरसायकलवरून पडल्यापासून धनराजचा डावा खांदा उतरला होता. त्याचा प्रत्येक फोटो डावीकडे किंचित झुकायचा. संगणकावर तो सरळ करून घ्यायचा, पण मूळ फोटो पाहिला की कोणीही ओळखावं, हा धनराजचा.

त्या लगनसराईत दोन मोठी घरं धनराजला सोडून खुशालकडे गेली. धनराजनं जिभेवर साखर ठेवून त्याचं अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओला कुलूप लावून चंद्रपूरला गेला.

२

लच्छूभाऊचं दुकान चंद्रपुरात जुनं. कॅमेरा कोणता घ्यायचा हे धनराजनं घरूनच ठरवून आणलं होतं: खुशालकडे आहे तसाच, फक्त त्याच्याहून नवा. अडलं ते लेन्सपाशी. लच्छूभाऊनं काउंटरवर फडकं अंथरलं आणि त्यावर तीन लेन्स मांडल्या. तिन्ही बिनझूमच्या, तिन्ही मुठीत लपतील एवढ्या.

पहिली रुंद नजरेची. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहिलं तरी अख्खी खोली मावते, पण तोंडाजवळ नेली की नाक फुगतं. दुसरी बिस्किटासारखी चपटी. शर्टाच्या खिशात जाईल, पण उजेड कमी झाला की दम टाकेल. तिसरी पस्तीस मिलिमीटरची. डोळा जेवढं धरतो साधारण तेवढंच धरणारी, अंधाऱ्या स्वयंपाकघरातही चालणारी; मात्र माणसाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभं राहिल्याशिवाय ती काही देणार नाही.

"काय पायजे त्याच्यावर हाय भाऊ," लच्छूभाऊ म्हणाला. "घर पायजे तं हे. खिशात पायजे तं हे. मानूस पायजे तं हे."

"खुशालनं कोनती नेली?"

"चपटी."

म्हणजे चपटी बाद. खुशालचं उष्टं तो घेणार नव्हता. त्यानं पस्तीसची चढवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. दुकानात फार उजेड नव्हता. चौकटीत लच्छूभाऊचा चेहरा आला आणि लच्छूभाऊ त्याच्याकडे पाहून हसला. गिऱ्हाइकाला हसतो तसं नव्हे. दूरदेशी गेलेला भाऊ दारात उभा दिसावा तसं हसला. कॅमेऱ्याकडे पाहून असं कोणी हसत नव्हतं. निदान त्याच्या कॅमेऱ्याकडे तर नाहीच.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. लच्छूभाऊ पाठमोरा होता. वरच्या फळीवर हात घालून रिकाम्या पिशव्या शोधत होता.

हसून लगेच वळला असेल, धनराज मनात म्हणाला. माणसं वळतातच.

"हेच द्या," तो म्हणाला. लच्छूभाऊनं नवा खोका काढला, त्यावरची पट्टी त्याच्यासमोर कापली. कोणाची वापरलेली नव्हे, कोणाच्या हाताखालून गेलेली नव्हे, कोरी करकरीत वस्तू. पुढे धनराजला ही कापलेली पट्टी पुन्हा पुन्हा आठवायची. कोऱ्या वस्तूत आधीचं कोणी असत नाही, डोक्याला धरायला तेवढाच एक आधार होता आणि तो उलट्या बाजूनं ओढत होता.

३

घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी होतं, गावाच्या टोकाला. पुढे सपरी म्हणजे ओसरी, आत चुलीची खोली, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, आणि उजेडासाठी त्यात बसवलेलं एक काचेचं कवेलू. घरात धनराज आणि रुपाली, दोघंच.

रुपाली चामोर्शीकडची. बाप तलावात जाळं टाकणारा, त्यामुळे पाण्याकाठच्या साऱ्या समजुती तिच्या अंगात मुरलेल्या. त्यातली एक धनराजला फार जाचली होती. भर दुपारी पाळीवरून किंवा फाटकाबाहेरून कोणी नावानं हाक मारली तर ती पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच द्यायची.

"ते दोनदाच हाक मारते," ती सांगायची. "तिसऱ्यांदा मानूसच मारते. माह्या बापानं सांगतलं होतं."

"ते म्हनजे कोन?"

"त्याचं नाव घेत नाई आमी."

लग्नानंतर एकदा धनराज वैशाखातल्या दुपारी घरी आला, फाटकातून दोनदा ओरडला, आणि ती आत बसून ढिम्म हलली नाही. उन्हात करपलेला नवरा तिसऱ्यांदा कशाला ओरडतो? लाथ मारून त्यानं फाटक उघडलं होतं. तेव्हापासून दुपारी घरी येणं त्यानं बंद केलं. डबा घेऊन जायचा आणि जेवून स्टुडिओतच पंख्याखाली आडवा व्हायचा.

नवा कॅमेरा तिनं दोन्ही हातांत घेऊन पाहिला. "एवढुसा! याच्यानं घरातले फोटो निंगते?"

"निंगते."

"मंग माहा एक काढा न जी."

"काढू," धनराज म्हणाला.

असं तो पूर्वीही म्हणाला होता. फोटोवाल्याच्या घरात त्याच्या बायकोचा धड फोटो एकच होता, लग्नातला, चुलीच्या खोलीत भिंतीवर. तोही खुशालनं काढलेला. नवरदेव स्वतःच्या लग्नात कॅमेरा कसा धरणार? त्या फोटोत रुपाली मान वळवून हसत होती, आणि हसत होती ती कॅमेऱ्याकडे, म्हणजे खुशालकडे. धनराज रोज त्या फोटोखाली बसून जेवायचा.

पुढच्या लग्नात त्यानं छोटा कॅमेरा नेला. हळद लागत होती. तो दोन पावलं पुढे गेला. नवरीनं त्याच्याकडे पाहिलं, हसू आवरलं आणि पदर नीट केला. आणखी एक पाऊल गेला तर तिच्या मामीनं विचारलं, "का पायजे जी?" संध्याकाळी फोटो पाहिले. साऱ्या जणी पोलीस चौकीत बसल्यासारख्या. काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालणाऱ्या माणसासारखा तो रात्री घरी परतला, कॅमेरा भिंतीवरच्या खुंटीला अडकवला आणि सकाळी हातभर लेन्स घेऊन कामाला गेला.

४

थोड्या दिवसांनी कॅमेरा विकून टाकावा म्हणून त्यानं खुंटीवरून काढला. त्यातलं फोटोंचं कार्ड रिकामं करायला बसला, तर हळदीच्या फोटोंनंतर आणखी एक फोटो होता.

रुपाली चुलीपाशी बसून झिंगे निवडत होती. मांडीजवळ सूप, बोटं ओली, एक बट कपाळावर आलेली. मान वर करून ती हसत होती. भिंतीवरच्या फोटोतलं हसू याच्यापुढे काहीच नव्हतं.

पहिल्यांदा धनराजला फक्त फोटोचा हेवा वाटला. काय उजेड, काय क्षण. हा मी का नाही काढला? आणि मग उशिरा, पायाखाली विंचू दिसावा तसा दुसरा प्रश्न दिसला. मी नाही, तर कोणी?

काचेच्या कवेलूतून पडणारा उजेडाचा तुकडा फोटोत सुपाच्या कडेवर होता. तो तिथे केव्हा येतो हे ह्या घरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ऊन माथ्यावर आलं की.

"खुशाल आला होता का?" त्यानं जेवताना विचारलं.

"कायले येतीन ते?"

"ह्या कॅमेऱ्याले कोनी हात लावला?"

रुपालीनं त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसली. "जसं काई तुमाले माहीतच नाई."

तिनं भात वाढला. तो वाद घालू शकला असता, ताट लोटू शकला असता. पण ती हसली ते लपवणाऱ्या बाईसारखं नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त आग आली. एवढी निर्धास्त! चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे तर चोर दिवसाढवळ्या वाढत होता आणि वर आंबील घेता का विचारत होता.

कॅमेरा त्यानं विकला नाही. परत खुंटीला लावला, गळाला आमिष लावावं तसा.

५

मासा रोज लागू लागला.

रोज संध्याकाळी रुपाली पाण्याला गेली की तो कार्ड पाहायचा. कधी एक फोटो, कधी दोन. रुपाली केस विंचरताना. रुपाली मोहाची वाळलेली फुलं टोपलीत भरताना. रुपाली काहीतरी सांगताना, हात हवेत, डोळे मोठे. एवढं काय सांगत होती ती? त्याच्याशी ती मीठ संपलं आणि गॅस संपला एवढंच बोलायची.

आणि प्रत्येक फोटोत ती थोडी मोठी दिसत होती.

झूम असतं तर गोष्ट वेगळी. झूमवाला कुठूनही मोठं करतो. पण या लेन्समध्ये माणूस मोठा दिसला याचा अर्थ एकच. फोटो काढणारा जवळ सरकला. एक दिवस रुपाली बाजाराला गेल्यावर धनराजनं घराचं दार लावलं आणि फोटो समोर धरून त्या जागा शोधल्या. माठाचा काठ चौकटीत इथे, दाराची उभी बाही तिथे. पहिला फोटो उंबऱ्यावरून. नंतरचा धानाच्या कोठीपासून. त्याच्या नंतरचा चुलीच्या अलीकडून. काल संध्याकाळी मिळालेला फोटो जुळवायला त्याला खाली बसावं लागलं, मांडी घालून, तिच्या पाटासमोर. ती पाटावर असती तर तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला असता.

तो तसाच बसून राहिला. इथून ती कशी दिसत असेल, त्याला आठवेना. घर आपलं, बायको आपली, आणि ही जागा मात्र कोणा दुसऱ्याची. रागानं त्याचे कान तापले. पण त्याच वेळी पाठीवरून गार काहीतरी सरकलं, कारण सारवलेल्या जमिनीवर, तो बसला होता तिथे, शेण चांगलंच झिजलं होतं. फोटो कालचाच होता, पण झीज बरेच दिवस कोणीतरी रोज बसावं तशी होती.

बाहेर पडला तर शेजारच्या गिरजाबाई कुंपणाशी गोवऱ्या थापत होत्या.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "आजकाल दुपारी रुपालीचं हासनं आयकू येते जी. आंधी किती गुमसुम राहे पोरगी. असंच पायजे घरात."

"कोन येते दुपारी?" धनराजनं विचारलं. आवाज कसाबसा सरळ ठेवला.

गिरजाबाईंनी हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करतो आहे असं वाटून हसल्या आणि पुन्हा गोवरीला लागल्या.

६

खुशालच्या स्टुडिओत तो शिरला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. कॅमेरा काउंटरवर आपटला.

"दुपारी कुठी राह्यते तू?"

"कुठी म्हनजे? आठवडाभर तं चामोर्शीले होतो. एकाच घरच्या तीन पोरीचं लगन. आत्ताच गाडीतून उतरून राह्यलो." बॅगा खरंच अजून दारात पडल्या होत्या, त्यांवर रस्त्याची लाल धूळ होती. "का झालं बे? बस. पानी घे."

"फोटो पाह्य."

खुशालनं चष्मा लावला आणि एक एक फोटो पुढे सरकवू लागला. धनराज त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो हे त्याला पाहायचं होतं. खुशालचा चेहरा उतरला खरा, पण वेगळ्याच कारणानं. तो फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहू लागला.

"लेका," शेवटी तो म्हणाला, "मले असे कदी जमले नाई."

"का?"

"खरं सांगतो. पंधरा गावच्या पोरीचे फोटो काढले मी, पन असं कोनी पाह्यलं नाई माह्याकडे. जळून राह्यलो मी आत्ता, सांगून ठेवतो."

आयुष्यभर हेच ऐकायला धनराजचे कान आसुसले होते. खुशाल त्याच्यावर जळतो आहे! आणि आता ते ऐकू आलं तर तोंडात चव म्हणून नव्हती.

"मी नाई काढले," तो म्हणाला.

"मस्करी नको करू."

"आईची आन, खुशाल. मी नाई काढले."

खुशालनं एक फोटो त्याच्यापुढे धरला. माठातलं पाणी दिसत होतं, काठोकाठ भरलेलं, आणि ते डावीकडे झुकलं होतं. त्यानं दुसरा धरला. दाराची बाही डावीकडे कललेली. तिसरा, चौथा. सगळीकडे तोच उतरता खांदा.

"पानी सांडून राह्यलं पाह्य," खुशाल म्हणाला. तो हसायला गेला, पण धनराजचं तोंड पाहून थांबला. "अबे, तूच काढले हे. तुह्याशिवाय कोन काढन?"

७

माणसाची बुद्धी मोठी मिंधी असते. हवं ते सिद्ध करून देते. कॅमेरा घरी परत खुंटीला लागला, आणि त्या रात्रभर धनराजच्या बुद्धीनं त्याला बरंच काही सिद्ध करून दिलं. तू दुपारी स्टुडिओत झोपतोस, झोपेतच उठून घरी जात असशील. ऊन डोक्याला लागलं असेल. डॉक्टरला दाखव. हे ऐकून बरं वाटावं, तर बुद्धीच पुढे म्हणायची, अरे, पण झोपेत चालणाऱ्या माणसाला बायको अशी हसते का? तुला जागेपणी हसत नाही ती.

सकाळी त्यानं ठरवलं, तिला सरळ सांगायचं. मी दुपारी येत नाही. जो येतो तो मी नाही.

पण ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि त्याच्या उतरलेल्या खांद्यावर तिनं हात ठेवला. लग्न झाल्यापासून असा हात तिनं ठेवला नव्हता. नुसता ठेवलेला, काही न मागणारा.

"एक इचारू जी?" ती म्हणाली. "दुपारी येता तं किती चांगले बोलता. सांजी असे मुके काऊन होता?"

धनराजनं मान न वळवता विचारलं, "का बोलतो मी दुपारी?"

"जा न जी!" ती लाजली. "मलेच इचारता."

"सांग न."

"सांगन कवातरी." मग जरा थांबून, "पयले तुमी फाटकाले लाथ मारली होती, आठवते? आता पाहा. उनात उभं राहून बरोबर तीनदा हाक मारता. जराही रागावत नाई. मले लय बरं वाटते."

हीच वेळ होती बोलायची. शब्द जिभेवर आले होते. पण तिचा हात खांद्यावर तसाच होता, आणि त्याला कळत होतं की आपण सांगितलं की हा हात उचलला जाईल आणि परत येणार नाही. तो हात त्याच्यासाठी नव्हता. त्या दुसऱ्याच्या ताटातलं ते उष्टं होतं. खुशालची चपटी लेन्स उष्टी म्हणून नाकारणारा धनराज ते उष्टं मुकाट्यानं जेवला.

इतका मत्सर त्याला खुशालचाही कधी वाटला नव्हता. तो जो कोणी आहे, तो धनराजचाच खांदा, धनराजचाच हात आणि धनराजचीच सवय घेऊन आला होता, आणि धनराजला जे कधीच साधलं नाही ते रोज दुपारी करून जात होता. जात होता की नाही, हेही आता कोण सांगणार?

"आज दुपारी येऊ न?" त्यानं विचारलं.

"हे का इचारनं झालं?" रुपाली हसली. पण ते सकाळचं हसू होतं. त्याच्या वाट्याचं.

८

ऊन माथ्यावर यायच्या थोडं आधी धनराजनं स्टुडिओ बंद केला. हातभर लेन्सचा कॅमेरा सवयीनं गळ्यात अडकवला होता. रस्ता ओस पडला होता. तलावाचं पाणी आटून मधोमध गेलं होतं, आणि काठच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. पाळीवर मोहाचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत तो थांबला. इथून घर समोर दिसत होतं. फाटक उघडं. सपरी. सपरीच्या पायरीशी चपला.

त्यानं त्या चपला ओळखल्या. डाव्या टाचेकडून झिजलेल्या. खाली पाहिलं तर तशाच त्याच्या पायात होत्या.

सरळ घरात जायला हवं होतं. पाळ उतरली की फाटक, फाटक ओलांडलं की सपरी. दुसरा कोणी असता तर काठी घेऊन धावत गेला असता. पण धनराजनं जन्मभर जे केलं तेच आत्ताही केलं. तो जागेवर उभा राहिला आणि लांब लेन्स डोळ्याला लावली.

घर धावून जवळ आलं. दाराची चौकट, आतला काळोख, काळोखात काचेच्या कवेलूतून पडलेला उजेडाचा तुकडा. त्या तुकड्यात रुपालीचा चेहरा, वर उचललेला, हसणारा. आणि तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, कोणाची तरी पाठ. निळ्या चौकड्यांचा शर्ट, उतरलेला डावा खांदा. हातात छोटा कॅमेरा. धनराजच्या अंगावरही निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. सकाळी रुपालीनंच काढून दिला होता.

पाठ जराशी हलली. वळणार असं वाटलं. मान अर्धी फिरली, कानापर्यंत, गालापर्यंत, आणि धनराजनं लेन्स खाली केली. त्याला तो चेहरा पाहायचा नव्हता. आपल्या चेहऱ्यावर तसलं सुख कसं दिसतं, ते पाहून तो जगला नसता.

लेन्स खाली येताच घर पुन्हा लांब गेलं.

"रुपाली," त्यानं हाक मारली.

आवाज फाटका निघाला. घरात सगळं एकदम गप्प झालं. ओ आली नाही. येणार नव्हतीच, हे त्याला माहीत होतं.

दोन पावलं पुढे जावं म्हणून त्यानं पाय उचलला. पाय सावलीच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"रुपाली!"

ती दारात आली. डोळ्यांवर हात धरून तिनं पाळीकडे पाहिलं, मोहाच्या झाडाकडे, थेट त्याच्याकडे. एवढ्या लांबून चेहरा नीट दिसत नव्हता. तरी तिनं पदर गच्च धरलेला त्याला दिसला. ओसाड पाळीवरून दुपारी हाक ऐकू आल्यावर तिच्या माहेरच्या बाया धरत असतील तसा.

एक राहिली होती. एकच. तिसरी मारली की ती ओ देणार, बापानं शिकवलेलं ती कधी मोडणार नाही. धनराजनं छाती भरून श्वास घेतला.

तेवढ्यात आतून हाक आली. चुलीजवळून, त्याच्याच आवाजात, पण त्यानं आजवर कधीच मारली नव्हती इतक्या मायेनं.

"रुपाली."

"ओ," रुपाली म्हणाली, आणि आत वळून तिनं दार लावून घेतलं.